एक दुपार चालवून दाखवा

मे महिन्याची दुपार टिनाच्या गाडीत काढायची म्हणजे माणूस वेडा तरी पाहिजे, नाहीतर त्याच्याजवळ कूलर तरी पाहिजे. माझ्याजवळ दोन्ही सोयी आहेत. पण कूलर चालतो जनरेटरवर, अन् गेल्या उन्हाळ्यात तो जनरेटर तापून बंद पडायला लागला. तिथून हे सगळं सुरू झालं.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस, शाळेतली पोरं वाहून वाहून दमलेली. मी सबस्टेशनवरून रिटायर झालो तेव्हा आम्ही नवराबायकोनं ती घेतली अन् पुसदच्या एका बॉडीवाल्याकडून तिचं घर करून घेतलं. मागं पलंग, मधात ओटा, ओट्याखाली बित्तभर फ्रिज, खिडकीत कूलर, अन् पलंगाखालच्या लोखंडी पेटीत डिझेलचा छोटा जनरेटर. लोक आता याला मोटरहोम म्हणतात. बायको बिऱ्हाडगाडी म्हणायची, अन् मला तेच नाव बरं वाटतं.

घेतली तेव्हा मी हिमालयाच्या गोष्टी करत होतो. प्रत्यक्षात गाडी जिल्ह्याबाहेर फारशी गेलीच नाही, कारण बायकोच्या मनात वेगळंच होतं. "तुमच्या बदल्या जिथं जिथं झाल्या, तिथं मी निस्ते भांडे घासले," ती म्हणाली. "गाव पाह्यलंच कुठं मी?" म्हणून आम्ही राळेगावला गेलो, पुसदला गेलो, पांढरकवड्याला गेलो, अन् ज्या गावांत वर्षानुवर्षं राहिलो होतो तिथं पाहुण्यासारखे हिंडलो. जुन्या क्वार्टरसमोर गाडी लावायची, चहा करायचा, अन् तिथं आता राहणाऱ्या बाईला हिनं खिडकीतून हात करायचा. असे उन्हाळे गेले. मजेत गेले, खोटं कायले बोलू.

मग एका हिवाळ्यात ती गेली. यवतमाळच्या घरी, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्रास सगळा नंतर सुरू झाला. आमचं घर चार खोल्यांचं. कोणत्याही खोलीत बसलो की वाटायचं, ती बाजूच्या खोलीत आहे. उठून जायचो, तर तिथं नाही, मग वाटायचं पलीकडच्या खोलीत असेल. असा दिवसभर मी घरात हिंडायचो. गाडीत एकच खोली. तिथं ती नाही हे एका नजरेत दिसतं, अन् मग माणूस गुमान चहा मांडतो. म्हणून उन्हाळा लागता लागता मी घराला कुलूप घातलं अन् गाडी काढली.

पांढरकवड्याच्या अलीकडं, हायवेपासून आत, माझ्या एका जुन्या सोबत्याचं वावर आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोठं कडुनिंबाचं झाड, त्याच्याखाली गाडी लावली. सोबती गावात राहतो. सकाळी एक चक्कर मारतो, तब्येत विचारतो अन् जातो. त्यानंतर दिवसभर मी, निंबावरची पाखरं, अन् दुरून येणारी ट्रकांची घरघर. पाखरांशी बोलायची सवय मला नव्हती, ती तिथं लागली.

विजेची लाइन वावरावरूनच जाते, पण कनेक्शन फक्त मोटारपंपाचं, अन् तेही रात्रपाळीचं. जो तो म्हणायचा, काका, वरच्या तारेवर आकडा टाका अन् मोकळे व्हा. अरे भैताडांनो, मी नोकरीभर लोकांचे चोरीचे आकडे काढत हिंडलो, त्यापायी गावोगाव शिव्या खाल्ल्या, अन् आता म्हातारपणी स्वतः आकडा टाकू? मरण आलं तरी चालेल. तर असा जनरेटरशिवाय इलाज नव्हता.

लेक पुण्यात असते, एकुलती एक. नोकरी आहे, नवरा आहे, लिफ्टवाला फ्लॅट आहे. माझं हे गाडीत राहणं तिला पहिल्यापासून पसंत नव्हतं, पण अडवायला तिच्या हाती काही कारण नव्हतं. जनरेटरनं ते दिलं. मला शुगर आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, अन् आमच्याकडच्या मे महिन्यात फ्रिज बंद म्हणजे ते इन्सुलिन फेकायचं. एकदा फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं की दुपारभर फ्रिज बंद होता. झालं. त्या दिवसापासून दर दोन तासांनी फोन. "बाबा, चालू आहे का? बाबा, बंद पडला का?" पुण्याला जाऊन ती आमची बोली विसरल्यासारखं करते, पण चिडली की सगळी परत येते.

शेवटी तिनं निकालच लावला. "रविवारी मी येऊन राह्यली. माह्यासमोर एक दुपार चालवून दाखवा. अख्खी दुपार, कूलर अन् फ्रिज दोन्ही लावून. चालला तर राहा तुम्हाले जिथं राहाचं तिथं, मी एक शब्द बोलणार नाही. बंद पडला तर गाडी विकाची अन् माह्यासंगं पुण्याले चालाचं."

"हाव," म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? तो फ्लॅट मी पाहिलेला आहे. चांगला आहे, वाईट म्हणायला जागा नाही. बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या बाल्कनीतला एक म्हातारा दिसतो. तोही तसाच उभा असतो, अन् आम्ही एकमेकांना कधी हात केला नाही. मला तिथं राहायचं नव्हतं. अन् गाडी विकली असती तर बायको अन् मी जिथं शेवटचे मनापासून हसलो ती जागाच गेली असती. एवढं साधं होतं ते.

तर रविवारच्या आत जनरेटर दुरुस्त करायचा होता. आता गंमत पाहा. अख्ख्या तालुक्याला करंट पोचवणारा मी, पण ती झाली वीज. डिझेल इंजिनाच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. तरी बसलो. पलंगाची फळी उचलली की खाली पेटीचं झाकण, अन् झाकण उघडलं की जनरेटरची एक बाजू हाताशी येते. ऑइल पाहिलं, बरोबर होतं, तरी बदललं. एअर फिल्टर काढून झटकला. हे इंजिन हवेवर थंड होणारं आहे, त्यामुळं पाण्याची भानगड नव्हती. पंखा फिरत होता. धुराचा पाइप गाडीखालून बाहेर जातो, तो गुडघे टेकून पाहिला, मोकळा होता. सगळं जाग्यावर. झाकण लावलं, पलंग लावला, जनरेटर चालू केला, कूलर लावला अन् भाकर खायला बसलो. भाकर संपत नाही तर लाल दिवा लागला अन् सगळं बंद. कूलरचा पंखा हळूहळू थांबला. गाडी इतकी शांत झाली की मला माझंच चावणं ऐकू आलं.

एकट्या माणसाच्या घरात मशीनचा आवाज म्हणजे कोणीतरी बोलून राहिल्यासारखं असतं. तो बंद झाला की जीव कसनुसा होतो. मी जनरेटरला दोन शिव्या हाणल्या, निव्वळ काहीतरी आवाज व्हावा म्हणून.

मग पांढरकवड्याहून मेकॅनिक बोलावला. बापाच्या मागं गॅरेज चालवणारा, हायवेवरच्या ट्रकांची कामं करणारा भला माणूस. त्यानं कान लावून ऐकलं, हात लावून पाहिलं अन् मान हलवली. "काका, इसका बोअर गया. आतून सिलिंडरले पिस्टन घासून राह्यला, म्हणून गरम होते. खोलाच लागन. गॅरेजवर आणून टाका, आठ-दहा दिवसांत करून देतो."

"रविवारच्या आत नाही का होणार?"

"रविवारी तर भाचीची शादी आहे, काका," तो म्हणाला. "तुम्ही बी या."

माझं तोंड पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं चहा घेतला, निंबाखाली बराच वेळ बसला, ट्रकवाल्यांच्या दोन-चार गमती सांगितल्या अन् जाताना पुन्हा लग्नाचं सांगून गेला. जनरेटरचं काही झालं नव्हतं, तरी तो जाऊ नये असं मला वाटत होतं. त्याची मोटरसायकल हायवेला लागेपर्यंत मी पाहत राहिलो.

शनिवार उजाडला. मी पुन्हा पलंग उचलला. या वेळी चिडून झाकण लावलंच नाही. म्हटलं, होऊ दे आवाज, पाहतो तरी काय होते ते. खोलीची भट्टी झाली, कान बधिर झाले, पण जनरेटर चालत राहिला. जेवण झालं, भांडी झाली, तरी चालू. झाकण लावलं, अन् थोड्या वेळात लाल दिवा. थंड होऊ दिला, पुन्हा झाकण उघडं ठेवून चालवला, तर पुन्हा मस्त चालू. मी घाम पुसत विचार केला. बोअर गेला असता तर झाकण उघडं असो की लावलेलं, हा बंद पडलाच असता. म्हणजे इंजिनात काही खोट नव्हती. त्याला हवा मिळत नव्हती. बिचारा गुदमरून राहिला होता.

हवा त्याला मिळते बाहेरून. गाडीच्या कुशीला, पलंगाच्या उंचीवर, तिरप्या पट्ट्यांची एक जाळी आहे, तिथून तो हवा ओढतो. ती जाळी मी रोज पाहत होतो. पट्ट्या साफ होत्या, रंग शाबूत होता. पण हवा ओढली जाते की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कसं दिसणार? गाडीत बुद्धमूर्तीसमोर वंदनेच्या वेळी अगरबत्ती लावतो, त्यातली एक पेटवली. जनरेटर चालू केला, बाहेर गेलो अन् अगरबत्ती जाळीसमोर धरली. धूर आत ओढला जायला पाहिजे होता. तो आपला सरळ वर, निंबाकडं निघाला. अगरबत्ती अगदी पट्टीला टेकवली, तरी धूर वरच.

जनरेटर बंद केला अन् पेचकसानं जाळीचे स्क्रू काढले. जाळी हातात आली. तिच्यामागं जनरेटर दिसायला पाहिजे होता, तर दिसली एक ताटी.

वाळ्याची ताटी, कूलरला लावतात ती. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे जरा सांगावं लागेल. आमच्याकडं होळी झाली की घरोघरी कूलर बाहेर निघतात. गेल्या साली लावलेला वाळा फेकायचा, नवा लावायचा, अन् पाऊस येईपर्यंत त्यावर पाणी मारत जगायचं. काहीही गरम झालं की ओला वाळा लावा, यापलीकडं आमचं डोकं चालत नाही. अन् मग मला आठवलं. गाडीचा पहिला उन्हाळा होता. कूलरला ताटी कापून लावली अन् एक तुकडा उरला. बायकोनं तो हातात धरून जनरेटरकडं पाहिलं. "हा वाया कायले जाऊ द्याचा?" ती म्हणाली. "माणसाले गरम होते, मशीनले होत नसन का?" अन् सबस्टेशनवर जन्म काढलेल्या मला ते एकदम पटलं. मीच जाळी काढून दिली, तिनं मागं ताटी बसवली. हवेवर जगणाऱ्या इंजिनाच्या नाकाला आम्ही दोघांनी मिळून गवत बांधलं, अन् वरून खूश होऊन चहा प्यायलो. हा शहाणपणा वऱ्हाडातच होऊ शकतो.

अन् खरं सांगायचं तर तो चाललाही. तिच्या हयातीत जनरेटर एकदाही तापला नाही. का तापला नाही ते मला त्या दिवशी जाळीखालच्या ओघळांनी सांगितलं. इकडचं पाणी जड, वाळलं की पांढरं मागं ठेवून जातं. गाडीच्या रंगावर, बरोबर जाळीखाली, तसे पांढरे ओघळ होते. मला वाटायचं रंग उडाला. दुपारी जेवून मी घोरायला लागलो की ती कूलरमध्ये पाणी टाकायची, तेवढं मला माहीत होतं. झोपेत पाण्याच्या मगाचा आवाज यायचा. पण तोच मग घेऊन, पायात चपला अडकवून, भर उन्हात गाडीला वळसा घालून ती इथंही पाणी मारत होती. ओघळ एका दिवसाचे नव्हते. अन् होळीनंतर कूलरबरोबर ही ताटीही ती नवी करत असणार, नाहीतर इतके उन्हाळे टिकलीच नसती.

ताटी ओली अन् मोकळी होती तोवर तिच्यातून हवा जात होती, तीही गार. बायको गेल्यावर कोणी पाणी मारलं नाही, कोणी बदलली नाही. ताटी वाळून कडक झाली. कापसाच्या दिवसांत रस्त्यानं उडणारा कापूस तिच्यात जाऊन बसला, त्यावर धुरळा बसला. मी बोटानं ठोकून पाहिली तर पाटीसारखी वाजली.

ती ओढून काढली. जाळी लावली, जनरेटर चालू केला, अगरबत्ती धरली, अन् धूर वळून सरळ आत गेला. इतकं साधं काम. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण ताटी धुवावी म्हणून तिच्यावर पाणी टाकलं अन् वास आला. त्या मेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या गवतातूनही आला. दुपारी झोपेतून जागा झालो की डोळे उघडायच्या आधी हा वास यायचा, अन् मग ओट्यावर कपबशा वाजायच्या. मी धुऱ्यावर ताटी मांडीवर घेऊन बसलो अन् रडलो. पाहायला कोणी नव्हतं.

रविवारी लेक आली. नागपूरपर्यंत रेल्वेनं, पुढं भाड्याच्या गाडीनं. हातात एक मोठी रिकामी बॅग होती, माझे कपडे भरायला आणलेली. ती तिनं दारामागं ठेवली. मी पाहिलं नाही असं केलं. ऊन चढलं तसा जनरेटर लावला, कूलर लावला, फ्रिज लावला. ती पलंगावर बसली, मी समोर स्टुलावर. जनरेटरच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून आम्ही फारसं बोललोच नाही. मधूनमधून ती फळी उचलून पेटीच्या झाकणाला हात लावायची. मी वांग्याची भाजी अन् भाकर वाढली. "आईसारखी झाली," ती म्हणाली. तशी काही झाली नव्हती.

जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून डुलक्या घ्यायला लागली. मी कूलरमध्ये पाणी टाकलं, अन् का कोण जाणे, शेवटचा मग भरून बाहेर आलो. गाडीला वळसा घालून जाळीपाशी उभा राहिलो. आत आता उघडं इंजिन होतं, चालू, तापलेलं. पाणी मारलं असतं तर बिघडलंच असतं. अन् सांगतो, माझ्या मनात आलं की मारावं. एक मग पाणी, की जनरेटर बंद, बॅग भरली, अन् उद्या मी माणसांत. कोणीतरी विचारेल, बाबा, चहा झाला का? रात्री बाजूच्या खोलीत कोणीतरी खोकेल. तिथं त्या उन्हात मी किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. मग ते पाणी निंबाच्या बुडाशी टाकलं अन् आत आलो.

ऊन उतरलं तरी जनरेटर चालूच होता. लेकीनं फ्रिज उघडला अन् इन्सुलिनचं खोकं गालाला लावून पाहिलं. गार होतं. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "बोलली ते बोलली." तिनं बॅग उचलली, रिकामीच. जाता जाता मी धुऊन खिडकीत टांगलेली ती जुनी ताटी तिला दिसली, तशी जवळ जाऊन तिनं वास घेतला अन् तशीच उभी राहिली. मी तिला आईचा तो उरलेला तुकडा, ते रोजचं पाणी, सगळं सांगितलं. ती हसली, मग तिनं डोळे पुसले, अन् "घेऊ का थोडा?" असं विचारून वाळ्याच्या चार काड्या रुमालात बांधून घेतल्या. तिची गाडी हायवेला वळेपर्यंत मी हात करत होतो. मग आत येऊन जनरेटर बंद केला.

जिंकलो होतो मी. जनरेटर त्यानंतर कधी तापला नाही, अन् दर दोन तासांनी येणारे फोनही थांबले. म्हणजे येतो फोन, आठवड्यातून एकदा. सगळं ठीक? ठीक. चालू आहे का, बंद पडला का, हे विचारायचं आता तिला काही कारण नाही. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, कटकट गेली म्हणून. मग मीच दर दोन तासांनी फोनकडं पाहायला लागलो.

यंदा होळी झाल्यावर पांढरकवड्याच्या बाजारातून नवा वाळा आणला अन् कूलरला लावला. या खेपेलाही एक तुकडा उरला. तो पलंगाजवळच्या खिडकीला बांधला, दुपारी त्यावर पाणी मारतो. परवा जेवण झालं, पाणी मारून झालं, पाखरंही उन्हानं गप्प झाली होती. फळी उचलून पेटीच्या झाकणाला हात लावला. जेमतेम कोमट. मी फोन घेतला अन् लेकीला लावला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. जनरेटर जरा गरम होऊन राह्यला असं वाटते."

तिच्यामागं ऑफिसातले लोक बोलत होते, कोणीतरी हसलं.

"ताटी काढली नं तुम्ही त्याची?"

"हाव."

"मंग कायले गरम होईन तो?"

हात तसाच झाकणावर होता.

"रविवारी येते मी," ती म्हणाली. "बॅग नाही आणत."

"ये," मी म्हटलं. "वांगे आणून ठेवतो."